काजळी लागेल तिथेच पटाशी

मी टूलरूममध्ये फिटर आहे, एकोणीस वर्षं झाली, आणि माझा निम्मा पगार निळा रंग पुसण्याचा आहे असं घरचे म्हणतात. खोटं नाही. डायचे, म्हणजे साच्याचे, दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का बघायचं तर एकाला प्रशियन ब्लू चोपडायचा, दुसरा त्यावर दाबायचा, उचलायचा, जिथे निळं लागलं तो उंचवटा, तेवढाच घासायचा, परत निळा, परत दाब, परत उचल. दिवसभर हेच. बाहीला निळा, कानाला निळा, एकदा डब्यातल्या पोळीला निळा लागला होता तर बायकोला वाटलं बुरशी आली. दाताचे डॉक्टर नवीन कॅप बसवताना तो निळा कागद चावायला देतात ना, अगदी तेच काम, फक्त आमचा दात चारशे किलोचा असतो.

तर हे सगळं सांगायचं कारण बंदूक. माझ्या मामाकडे, सिंधुदुर्गात, ठासणीची एक जुनी बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. माकडं आणि डुकरं यांच्यासाठी. उडते कमी, भिंतीवर जास्त असते, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि परत आणायची ही तिची खरी ये-जा. मागच्या वर्षी गेलो तेव्हा मामा म्हणाला, "तू फिटर मां रे, बघ जरा." नळी आणि लाकूड यांच्यात खडखड होत होती. मी आपला शहाणा, बघितलं की लाकडात आडव्या बारीक पिना आहेत, घेतला पंच आणि ठोकली पहिली पिन. उलट्या बाजूने. पिन निघाली पण तिच्याबरोबर लाकडाची नखाएवढी कपची उडाली. मामा काही बोलला नाही, खाली वाकून कपची उचलली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नळी वर उचलली तेव्हा खालची खाच दिसली, आणि खरं सांगू, मला जरा हसू आलं. वरून बघाल तर नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागद जाणार नाही अशी कड. आणि आत? आत पटाशीचे खडबडीत घाव, तळ गोलसर, कुठे नळी टेकतेय कुठे नाही. आमच्याकडे असं काम कोणी दिलं तर क्वालिटीवाला तिथेच परत पाठवेल. मी मनात म्हटलं, कारागीर आळशी होता, दिसतं तेवढंच केलं. हे माझं मत पुढचे सहा-सात महिने टिकलं, मग वाचत गेलो, बघत गेलो, आणि मतच बदललं. ते कसं ते सांगतो.

आधी थोडं मागे जावं लागेल. युरोपात चौदाव्या शतकात हातातली तोफ म्हणावी अशी जी पहिली बंदूक होती तिच्यात 'बसवणं' ही भानगडच नव्हती. जर्मनीत टॅननबर्ग म्हणून एक किल्ला होता, तो १३९९ मध्ये पाडला गेला आणि त्याच्या ढिगाऱ्यात १८४९ साली ब्राँझची एक छोटी नळी सापडली, फुटाहून जराशीच लांब. तिच्या मागच्या टोकाला पोकळ खोबण आहे, भाल्याच्या पात्याला असते तशी, त्यात दांडा ठोकायचा, झालं. दुसरा प्रकार म्हणजे ओंडक्याला वरून पन्हाळीसारखी खाच मारायची, नळी त्यात झोपवायची आणि लोखंडी पट्टे आवळायचे. दांडा काखेत धरून बत्ती द्यायची होती तोवर हे चाललं. पण मग बंदूक खांद्याला लागली, गाल लाकडाला टेकला, नेम धरायला लागले, आणि नळी दोन केस इकडेतिकडे हलली तरी फरक पडायला लागला. तिथून ही कला सुरू होते.

मला सगळ्यात जास्त माहिती मिळाली ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलींची. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आजूबाजूला जर्मन आणि स्विस लोक येऊन वसले, त्यांच्यात बंदुका करणारे कारागीर होते, त्यांनी घरून आणलेली आखूड जाड नळीची याएगर, म्हणजे जर्मन शिकाऱ्यांची, रायफल हळूहळू लांब आणि सडपातळ केली. नळी बेचाळीस-चव्वेचाळीस इंच वगैरे, आणि लाकूड पार तोंडापर्यंत. व्हर्जिनियात विल्यम्सबर्गला अजून एक दुकान चालतं जिथे त्या काळच्या पद्धतीने रायफल बनवून दाखवतात, त्यामुळे ही रीत नुसती पुस्तकात राहिलेली नाही, हाताला माहीत असलेले लोक आहेत.

आता कल्पना करा. तुमच्याकडे मेपलची एक जाड फळी आहे, वर्षानुवर्षं वाळवलेली. मेपल म्हणजे तो वाघाच्या अंगासारखे आडवे पट्टे असलेला, दिसायला राजा पण पटाशीखाली महा खट, कारण रेषा सतत वरखाली होतात आणि पटाशी सरळ चालवली की ढलपी उपटून येते. (सागावर हात बसलेल्या माणसाला तर रडू येईल.) आणि तुमच्याकडे एक नळी आहे, लोखंडाची पट्टी गजाभोवती गुंडाळून भट्टीत जोडलेली, आतून भोक पाडलेली, बाहेरून कानशीने घासून आठ पैलू काढलेली. ही नळी सरळ नाही बरं का. मागे बुडाशी जाड, मध्ये बारीक होत गेलेली आणि तोंडाशी परत किंचित फुललेली. वजन कमी करायला आणि हातात तोल नीट यायला तसं करायचे. म्हणजे हिच्यासाठी सरळ रंध्याने सरळ खाच काढून चालणार नाही, प्रत्येक इंचाला रुंदी वेगळी.

पहिलं काम नळीचंच. चाप (ठिणगी पाडणारी यंत्रणा) नंतर, घोडा (बोटाने ओढायचा तो) नंतर, पितळी काम, कोरीव काम सगळं नंतर. कारण बाकी सगळी मापं नळीवरून निघतात. बत्तीचं भोक नळीत कुठे आहे त्यावरून चकमकीचा चाप कुठे बसणार ते ठरतं, चाप कुठे त्यावरून घोडा, घोडा कुठे त्यावरून दस्ता किती लांब. आमच्याकडे ज्या जागेवरून सगळी मापं घ्यायची तिला डेटम म्हणतात, तसलं. डेटम चुकला की पुढचं सगळं चुकीचं बरोबर येतं.

फळीची वरची कड रंध्याने सपाट करायची, मधली रेष मारायची, नळीची रुंदी दोन्ही बाजूला आखायची पण रेषेच्या जरा आतच थांबायचं, आणि गोल पटाशीने मधला माल काढून टाकायचा. इथपर्यंत कोणीही करेल. मग नळीच्या खालच्या बाजूला काजळी फासायची. दिव्याची काजळी, त्यात तेल किंवा चरबी मिसळलेली. नळी खाचेवर ठेवायची, वरून लाकडी हातोड्याने हलके टोले, उचलायची. जिथे काळं लागलं तिथे लाकूड उंच, तिथेच पटाशी लावायची, बाकी ठिकाणी हात नाही लावायचा. पुसायचं नाही, खरवडायचं. परत काजळी. परत ठेव. परत उचल.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. अरे, हे तर माझं काम! प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये निघाला, काजळी तर दिवा आहे तेव्हापासून आहे. रंग बदलला, बाकी काय बदललं? फरक एवढाच की माझं पोलाद चुकून जास्त घासलं तर वेल्डिंग मारता येतं, लाकडातली ढलपी गेली ती गेली. आणि दुसरा फरक, नळी किती वेळा उचलायची आणि ठेवायची त्याला हिशोब नाही.

आणि ही मागे जाड पुढे बारीक नळी आणखी एक खोडी करते. सरळ नळी असेल आणि मागच्या बाजूला खाच जरा जास्त कापली गेली तर नळी मागे सरकवून चूक लपवता येते. इथे नाही. मागे सरकवली की जाड भागासाठी कापलेल्या खाचेत बारीक भाग येऊन बसतो आणि दोन्ही बाजूला फट दिसते, आणि तोंडाकडे उलट, फुललेला भाग अरुंद जागी येऊन अडतो. म्हणून बुडाची जागा आधी पक्की करायची आणि मग नळी तिथूनच सरळ खाली उतरवत न्यायची. पुढेमागे नाही.

नळी निम्म्यापर्यंत आत गेली की वरून पैलूची कड आणि लाकडाची कड अशी भेटते की पाणी जाणार नाही. आणि आता तो मुद्दा ज्याच्यासाठी मी लिहायला बसलो. त्या काळच्या खऱ्या रायफली ज्यांनी उघडून पाहिल्यात त्यांना बऱ्याच नगांमध्ये काय दिसलं, तर नळी आठ पैलूंची पण खाचेचा तळ चक्क गोल! खालचे पैलू लाकडाला धड टेकतही नाहीत. म्हणजे मामाच्या बंदुकीसारखंच. ज्यांच्या रायफली आज म्युझियममध्ये काचेआड आहेत त्या लोकांनी हे केलंय, तर आळशीपणा म्हणायची माझी काय लायकी?

त्यांनी काय केलं ते मला उशिरा समजलं. नळी कुठे टेकलीच पाहिजे आणि कुठे नाही टेकली तरी चालेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टेकलीच पाहिजे अशी पहिली जागा म्हणजे बूड. बार उडाला की नळी मागे जाते, तो धक्का लाकडाने घ्यायचा आणि खांद्याला द्यायचा, म्हणून नळीचं मागचं सपाट तोंड लाकडावर पूर्ण, काटकोनात बसायला हवं, इथे काजळी सगळीकडे सारखी लागेपर्यंत सुटका नाही. दुसरी जागा वरच्या कडा, कारण तिथे पाणी जातं आणि गिऱ्हाइकाचं नखही तिथेच जातं. मधल्या तळाला नुसता आधार पुरतो.

आणि एक जागा अशी जिथे मुद्दाम टेकू द्यायचं नाही. नळीचं मागचं भोक आट्यांच्या बुचाने बंद केलेलं असतं, त्या बुचाला एक शेपटी असते, चपटी पट्टी, ती दस्त्याच्या मनगटात, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागात, वरून खोलात बसवतात आणि तिच्यातून एक स्क्रू खाली जातो. ही शेपटी चारी बाजूंनी घट्ट दिसायला हवी पण तिच्या अगदी मागच्या टोकाला केसाएवढी जागा सोडायची. का? कारण बुडाआधी ते टोक लाकडाला भिडलं तर सगळा धक्का त्या अरुंद पट्टीने लाकडात पाचर मारल्यासारखा जातो आणि दस्ता नेमका मनगटातच चिरतो. जुन्या बंदुका बघायला मिळाल्या तर शेपटीच्या मागे बघा, फुटलेल्या, तार गुंडाळलेल्या, खिळे मारलेल्या सापडतील.

नळीखाली गजाची जागा. गज म्हणजे ठासायची काठी. अर्ध्या लांबीपर्यंत उघडी पन्हाळ आणि तिथून पुढे बुडाखालपर्यंत लाकडाच्या पोटातून भोक, लांब दांड्याच्या गिरमिटाने, आंधळेपणाने. नळी आणि या भोकाच्या मध्ये लाकूड किती, तर साधारण एक अष्टमांश इंच. गिरमिट वर गेलं तर नळीच्या खाचेत निघणार, खाली गेलं तर फळी वाया, आणि बाजूला गेलं तर चाप बसवताना आत गजच आडवा येतो. वर चापाचा पुढचा स्क्रू याच चिंचोळ्या जागेतून आडवा जायचा असतो! बऱ्याच रायफलींमध्ये त्या स्क्रूला जागा करायला नळीच्या खालच्या पैलूला कानस लावलेली असते. कोणी म्हणेल जुगाड, मी म्हणेन टॉलरन्स स्टॅक-अप, म्हणजे बारीकबारीक फरकांची बेरीज एका जागी येऊन अडते ती.

मग पिना. नळीच्या खालच्या पैलूवर तीन-चार छोटे लग, म्हणजे भोकाचे लोखंडी कान, डोव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाचेत ठोकून बसवलेले. नळी खाचेत घट्ट बांधायची, बाहेरून माप घेऊन जिथे लग असेल असा अंदाज, आणि लाकडातून आडवं बारीक भोक, लगमधून आरपार, दुसऱ्या बाजूला बरोबर समोर निघायला हवं. दिसत काहीच नाही. त्यात लोखंडी तारेची पिन. आज जे लोक हौसेने अशा रायफली बनवतात ते लगमधलं भोक लांबट करतात, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, लोखंड तसं करत नाही, आणि पिन गच्च असली की लाकूड नळीला ओढतं आणि गोळी दुसरीकडे जाते. कोकणात राहणाऱ्याला हे सांगायला नको, आमच्या मामाकडे जून ते सप्टेंबर एकही दार लागत नाही.

पिना काढताना लाकूड उडतं हा शोध फक्त मीच लावला नाही, हे कळल्यावर जरा हायसं वाटलं. फ्रेंच लष्कराने १७२८ च्या मस्केटमध्ये पिनांऐवजी नळी आणि लाकूड दोघांना वेढणारे तीन कडे घातले. कडं सरकवलं की नळी मोकळी. इंग्रज मात्र हट्टी, त्यांच्या शिपायांची ब्राउन बेस नावाची मस्केट बहुतेक काळ पिनांचीच, आणि ईस्ट इंडिया कंपनीची ३९ इंची नळीची इंडिया पॅटर्न, जी आपल्याकडच्या कितीतरी लढायांत होती, तीही पिनांचीच. चांगल्या शिकारी बंदुकांना त्यांनी पिनेऐवजी चपट्या पाचरी दिल्या, आणि बुचाला आकडा केला, म्हणजे पाचरी काढल्या की शेपटी लाकडातच राहते आणि नळी आकड्यातून सुटून वर येते. साध्या शिपायाच्या बंदुकीला कडी मिळाली ती १८५३ च्या एनफील्डला, तीन कडी. हो, तीच ती, जिच्या काडतुसांवरून १८५७ चं रामायण झालं.

जपानची गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडली. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले, त्यांच्याकडची बंदूक तिथल्या सरदाराने विकत घेतली आणि याइता किंबेइ नावाच्या तलवारी घडवणाऱ्याला दिली, अशीच कर म्हणून. नळी त्याने घडवली, पण बुडाचं बूच अडलं. आटे म्हणजे काय हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. परंपरेने सांगतात की पुढच्या वर्षी पोर्तुगीज परत आले तेव्हा ती विद्या मिळाली, आणि बदल्यात त्याने आपली मुलगी दिली, असंही सांगतात. मला त्यापेक्षा पुढचं भारी वाटतं. नळी लाकडात धरायला त्या लोकांनी काय वापरलं, तर तलवारीची मूठ पात्याला धरायला वापरतात तीच मेख, बांबूची! नळीखाली लग, ओकच्या लाकडात आडवं भोक, आणि त्यात बांबू. बोटाएवढ्या हातोडीने टिक टिक केलं की बाहेर. लोखंडी पिनेसारखं गंजून अडकणं नाही.

आणि या पोर्तुगिजांच्या बंदुकांचा आपल्याशी संबंध आहेच. गोवा घेतल्यावर आल्बुकर्कला तिथे बंदुका करणारे कारागीर मिळाले आणि १५१३ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवलं की हे लोक मध्य युरोपातल्या बोहेमियातल्यांइतक्याच चांगल्या बंदुका करतात. जपानच्या तीस वर्षं आधी! हे आपल्याला शाळेत का नाही सांगत? आल्बुकर्क म्हटलं की फक्त सन लक्षात ठेवायचं.

उत्तरेकडच्या मोगली, राजपुती तोड्याच्या (पेटत्या वातीने उडणाऱ्या) बंदुकांना बहुतेक ना लग ना पिन. सरळ सडपातळ दस्ता, उथळ खाच, आणि नळी व लाकूड मिळून चामड्याच्या वादीने किंवा तारेने जागोजागी गुंडाळलेले. लोकांना ते ओबडधोबड वाटतं. मला नाही वाटत. वादी सैल झाली तर छावणीत कोणीही नवी आवळेल, पंच लागत नाही, फिटर लागत नाही, आणि कपची उडत नाही.

पुढे मशीन आलं. अमेरिकेत थॉमस ब्लँचार्डने १८१९ च्या सुमारास दस्त्यासारखे वेडेवाकडे आकार नमुन्यावरून कापणारं लेथ काढलं, आणि स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात त्याच्या चौदा मशीनची रांग लागली, त्यात नळीची खाच कापणारंही होतं. काजळीचं काम तिथून कमी होत गेलं. ते वेगळं प्रकरण आहे, आणि मला त्यात तेवढी मजा वाटत नाही, मशीनवर मी रोजच असतो.

तर मामाची बंदूक. दिवाळीत गेलो परत, या वेळी नीट तयारीने. आजीच्या समईची काजळी पळीवर धरली, खोबरेल घातलं, नळीच्या बुडाला फासली. ठेवली, उचलली. बघतो तर बुडाच्या तोंडाला काळं जेमतेम एका कोपऱ्यात, आणि शेपटीच्या मागच्या टोकाला मात्र गच्च काळं. म्हणजे धक्का इतकी वर्षं चुकीच्या जागी जात होता, आणि तिथे एक केसाएवढी चीर सुरूही झाली होती. ही मूळची चूक की नंतर कोणी दुरुस्तीच्या नावाखाली केलेली ते काही कळायला मार्ग नाही. शेपटीच्या मागे पाव मिलिमीटर काढलं. बुडाच्या मागे अक्रोडाची पातळ चकती चिकटवली आणि ती काजळीवर बसवत गेलो, सकाळी दहापासून चार वाजेपर्यंत. मामी दोनदा चहा घेऊन आली आणि दोनदा विचारलं की तुझे हात असेच असतात का. तळातल्या खडबडीत घावांना हात लावला नाही.

शेवटी पिनेच्या भोकाशी आलो आणि म्हटलं मामा, इथे जरा पुट्टी भरावी लागेल. मामा उठला, आतून तंबाखूची जुनी डबी घेऊन आला, उघडली, आत कपची. वर्षभर ठेवलेली. फेव्हिकॉल लावून बसवली, बोटाने दाबून धरली, कोण म्हणेल उडाली होती. पिन या वेळी बरोबर बाजूने घातली.

खडखड गेली. तोवर आचारसंहिता लागली आणि बंदूक परत ठाण्यात गेली, तेव्हा बार उडवून बघायचं राहिलंच. मामा फोनवर म्हणतो की जमा करताना हवालदाराने नळी हलवून बघितली आणि विचारलं, "ही तुमचीच ना?"